वानखडेकाकांची सामानपरीक्षा

चंदीगडला बदली होऊन आलेल्या मराठी कुटुंबाच्या दारात ट्रक लागला की वानखडेकाका हजर. मदतीला नव्हे, सामान कसं बांधलंय ते बघायला! आम्ही साताऱ्याहून आलो तेव्हा त्यांनी माझं नावही विचारलं नाही. पलंगाचे सुटे भाग पाहिले आणि जाहीर केलं, "टारबॉल! सारं एका पोत्यात कोंबलं. आता बसा जोडत."

काका मूळचे अकोल्याचे. सरकारी कार्यालयाच्या संगणक विभागातून निवृत्त झाले आणि इथेच राहिले. लिनक्स ही संगणकप्रणाली आणि तिची भावंडं तेव्हा नुकती आपल्याकडे पोचत होती. प्रत्येकाची सॉफ्टवेअर बांधून द्यायची तऱ्हा वेगळी. टारबॉल, आरपीएम, डेब ही त्या गाठोड्यांचीच नावं, आणि काका ती माणसांना लावत. शेजारचे जोशी म्हणजे आरपीएम. खोकी नीटनेटकी, पण "आधी गिझरवाला आणा, मगच उघडू" म्हणून अडून बसणार. कुलकर्णी म्हणजे डेब. गिझरवाला, त्याची शिडी, त्याचा पाना, सगळं स्वतःच मागवून घेणार. आणि बीएसडी नावाच्या चुलत भावंडाची माणसं?

"ते फकस्त पलंगाचं माप आनतात. लाकूड मनीमाजऱ्याच्या बाजारातून घेतात अन् अंगनात सुतार बसवतात. पलंग झकास होते, पन तवर झोपा जमिनीवर!"

आम्ही पोट धरून हसायचो. माझंच घोडं अडलं तेव्हा हसू पळालं.

मी विद्यापीठात पीएचडी करत होते. दुसऱ्या दिवशी सकाळी परीक्षकांसमोर सादरीकरण होतं. आलेख काढायचा नवा प्रोग्राम आला आरपीएममध्ये आणि आमचं मशीन डेबवालं. लॅबचे गिलसाहेब दिलदार माणूस. म्हणाले, "ओ मॅडम जी, टेन्शन किस बात की? फोर्स लगाओ, आपे चल पऊगा!"

लावला फोर्स, म्हणजे मशीन नको म्हणत असताना जबरदस्तीने बसवला. प्रोग्राम मशीनवर चढला, पण उघडायचं नाव घेईना. शिवाय चढता चढता त्याने जुना, चालता प्रोग्रामही बुडवला. इतक्या वर्षांच्या कामाचा एकही आलेख हाताशी नव्हता. मी रडकुंडीला आले आणि काकांना फोन केला.

काका स्कूटरवरून आले ते हेल्मेटसकट मशीनसमोर बसले. "काहून जबरदस्ती केली? त्याले काय लागते, हे इचारलं का कोनी?"

गिलसाहेब खिडकीबाहेर बघू लागले. काकांनी जबरदस्तीने बसवलेलं सगळं काढून टाकलं. एक लायब्ररी, म्हणजे प्रोग्रामला लागणारा एक सुटा भाग, कमी पडत होती. तिचा टारबॉल इंटरनेटवरून रडतखडत उतरवून घेतला आणि जागेवरच जोडायला घेतला. पडद्यावर ओळी धावू लागल्या. मध्येच गाडी थांबली. मी घड्याळाकडे पाहिलं, काका मात्र खूश.

"अडू दे. अडते म्हंजे सांगते तरी, काय पायजे ते!"

त्यांनी हवं ते पुरवलं, पुन्हा धाडलं आणि मग प्रोग्राम नव्याने बसवला. दुपारच्या चहाच्या वेळेला पडद्यावर माझा आलेख उभा राहिला, लाल-निळ्या रेघांसकट. गिलसाहेबांनी "ओए बल्ले!" म्हणत काकांना खुर्चीसकट उचललं. अख्खा विभाग गोळा झाला, समोसे आले. मला तर पीएचडी मिळाल्यासारखंच वाटत होतं.

मंडळी पांगली. काका हललेच नाहीत. हळूच म्हणाले, "पोरी, हे काढून परत टाकून पाहू का? एकदा चाललं म्हंजे पक्कं नसते."

"काका, चाललंय की छान. थकलात, घरी जा आता."

"घरी जाऊन काय करू?" ते कीबोर्ड पुसत म्हणाले. "तुही काकू गेली, पोरगी बंगलोरले. माह्यावाचून कोनाचंच काही अडत नाही आता."

मी आलेखांचे प्रिंट काढले, पर्समध्ये नीट ठेवले आणि त्यांच्या शेजारी खुर्ची ओढली.

"काढा काका," मी म्हटलं. "अगदी पहिल्यापासून टाकू."