मुद्देमाल, नग दोन

दामूअण्णा बातम्या सांगत त्या ग्रामोफोनच्या कर्ण्यातून. यंत्र कधीच मोडीत गेलं होतं, कर्णा तेवढा शाबूत होता. बाजारच्या दिवशी तो खांद्यावर टाकून हा गृहस्थ नसरापूरला जायचा, मिरचीवाल्यांच्या शेजारी एका दगडावर चढायचा आणि आठवड्याचं वर्तमानपत्र तोंडानंच काढायचा.

"छापून का नाही काढत?" असं मी एकदा विचारलं.

"मास्तर, संस्थानात छापायला परवाना लागतो. तोंडाला अजून कुणी लावला न्हाई."

मी गावच्या शाळेत मास्तर आणि अण्णांचा भिंतीला भिंत लागून शेजारी. म्हणून मला काही सूट मिळत असेल असं वाटत असेल, तर ते विसरा. "सोमवारी शाळा अर्धा तास उशिरा उघडली. मास्तर दाढी करत व्हते," ही बातमी मी भर बाजारात, हातात मेथीची जुडी धरून ऐकलेली आहे. त्यानंतर कितीतरी दिवस मी खिडकी लावून दाढी केली.

पण ऐकीव गोष्ट त्यांनी कधी सांगितली नाही. कुणी बातमी घेऊन आलं की पहिला प्रश्न ठरलेला, "डोळ्याचं का कानाचं?" कानाचं असलं की त्याला म्हणायचे, "मग आधी बघून ये." एकदा कामथडीच्या रानात बिबट्या आलाय म्हणून एक जण धापा टाकत आला. अण्णांनी त्यालाही बघून यायला सांगितलं. तो नंतर महिनाभर आमच्या आळीत फिरकला नाही.

असा हा माणूस चौकीच्या जमादाराच्या मागं लागला, तो बायजाआक्काच्या म्हशीपायी. आक्का विधवा, पोटी मूलबाळ नाही. तिचं सगळं त्या एका म्हशीवर चालायचं. म्हैस व्यायला आठ दिवस उरले असताना जमादाराला एकाएकी संशय आला की ती चोरीची आहे. पंचनामा झाला, "म्हैस, काळी, नग एक," आणि मुद्देमाल म्हणून ती चौकीमागं बांधली गेली. तिथं ती व्याली. आक्का रोज चौकीच्या पायरीवर जाऊन बसे आणि रोज तिला उत्तर मिळे, "तपास चालू हाये." दूध जाई जमादाराच्या घरी. त्या तपासात जमादार चांगलंच बाळसं धरू लागले होते.

अण्णा पंधरा दिवस रोज पहाटे चौकीमागच्या दगडी गडग्यावर जाऊन बसले. सोळाव्या दिवशी बाजारात कर्णा वाजला.

"चौकीत मुद्देमाल जमा झाला नग एक. आज म्या सोता बघितला, नग दोन. दुसरा नग कुणाचा चोरला, त्याचा तपास जमादारसाहेबांनी लावावा. पैल्या नगाचं दूध सकाळी चार शेर निघतं. मुद्देमाल जमादारसाहेब पितात."

बाजार हसून लोळला. मिरचीवाल्यांना तर ठसकेच लागले.

जमादार भडकले. पण खटला भरायचा कशावर? कागद तर एकही नाही. मग त्यांनी पुढच्या बाजारी एक शिपाई दौत-टाक देऊन पाठवला आणि अण्णा बोलतील ते अक्षरन् अक्षर टिपून आणायला सांगितलं. अण्णांनी त्या बिचाऱ्याला दगडावर शेजारी बसवून घेतलं आणि दर वाक्याला विचारलं, "झालं का लिवून? पुढं जाऊ?" शिपायानं सगळं इमानदारीनं उतरवलं. जमादारांनी रागाच्या भरात, न वाचताच, तक्रारीला जोडून ते भोरला वरच्या साहेबांकडं धाडलं.

भोरच्या साहेबांनी मात्र ते वाचलं. चौथ्या दिवशी साहेब घोड्यावरून चौकीत हजर. वहीत नग एक, गोठ्यात नग दोन. जमादारांच्या मिशीला साय लागली होती असं लोक सांगतात, पण ते कानाचं आहे, तेव्हा मी सांगत नाही. जमादारांची बदली झाली आणि आक्काची म्हैस रेडकासकट घरी आली.

गावानं अण्णांना फेटा बांधला, नारळ दिला. अण्णांनी तिथंच नारळ फोडला आणि कर्णा तोंडाला लावून जाहीर केलं, "नारळ नासका निघाला. दुकान मारुतीच्या देवळासमोरचं." सत्कार तिथंच आटोपला.

मला वाटलं, झालं, आता म्हशीचं प्रकरण मिटलं. पाचव्या दिवशी बायजाआक्का अण्णांच्या अंगणात येऊन उभी. मी मधल्या कठड्यापाशी होतोच.

"अण्णा, म्हस पान्हवंना. पेंड घातली, दिष्ट काढली, रेडकू पुढं बांधलं. थेंब देत न्हाई. तो चौकीतला धार काढनारा शिपाई म्हनला, तुमी गडग्यावर बसून काय तरी बोलत व्हता, तवाच ती पान्हवायची. काय म्हनत व्हता वो तिला?"

जमादाराला न भिणारा माणूस खाली बघायला लागला.

"बातम्याच," ते हळूच म्हणाले. "बाजारात सांगायच्या आधी एकदा कुणाला तरी सांगून बघाव्या लागत्यात. आधी घरात आमच्या हिला सांगत व्हतो. ती गेल्यापास्नं घरात मोठ्यानं बोलाय धीर व्हत न्हाई. म्हस निदान मान वळवून बघायची."

त्यांच्या बायकोला जाऊन तेव्हा सात वर्षं झाली होती. सात वर्षं मी भिंतीपलीकडं होतो, आणि संध्याकाळी त्या घरातून आवाज का येत नाही हे मला एकदाही विचारावंसं वाटलं नव्हतं. माझी मलाच लाज वाटली.

"मग उद्याच्याला या," आक्का म्हणाली. "भाकरी हितंच खा."

दुसऱ्या दिवशी मीही गेलो. आक्का चरवी घेऊन धारेला बसली. अण्णा कर्णा न घेताच आले होते. त्यांनी घसा साफ केला आणि वरव्याच्या पुलावर बैलगाडी कशी अडकली ते सांगायला लागले. म्हशीनं कान हलवले आणि पान्हा सोडला. चरवीत धारेचा आवाज सुरू झाला.

बैलगाडीची बातमी ती केवढी. संपली. तशी आक्का हात न थांबवता म्हणाली, "मग? त्या गाडीवाल्याचं पुढं काय झालं?"

अण्णांनी उपरण्यानं डोळे टिपले, पायाशी पडलेला पाट ओढला आणि त्यावर बसून घेतलं.

"सांगतो की," ते म्हणाले.