केरोबा अस्वलाचा चोख हिशेब

एका जंगलात, मुलांनो, केरोबा नावाचं एक अस्वल राहत होतं. त्याचा मधाचा धंदा होता.

धंदा अगदी साधा. कड्यावर मधमाश्यांची पोळी होती. माकडांना हुसकावून लावायचं काम केरोबाचं. त्याबद्दल माश्या त्याला अर्धा मध द्यायच्या. केरोबाची बायको तानूबाई तो मध दुधीच्या भोपळ्यांत भरायची आणि जांभळीखाली बसून विकायची. गिऱ्हाईक कवड्या द्यायचं, तानूबाई त्या मडक्यात टाकायची. मडकं भरलं की नफा. इतकं सोपं होतं.

मग सिंहमहाराजांना सुधारणा करायची लहर आली.

दवंडी पिटली गेली. 'प्रत्येक धंदेवाल्यानं वर्षाचा हिशेब दाखवावा आणि राजाचा वाटा भरावा. ज्याचा हिशेब जुळणार नाही, त्याची जागा दुसऱ्याला दिली जाईल.'

तानूबाई म्हणाली, "अहो, त्या बगाजीपंतांना विचारा ना. सगळ्या जंगलाचे हिशेब तेच लिहितात."

बगाजीपंत हे बगळे होते. पांढरेशुभ्र. तळ्यात एका पायावर उभे राहून हिशेब करायचे.

"त्या काटकुळ्याला कवड्या मोजायच्या?" केरोबा फुरफुरला. "का म्हणून? कडा मी चढतो, डंख मी खातो, मग बेरीज मला येत नाही होय?"

"येते हो. पण तेवढंच असतं का त्यात?"

"तू मध विक. कागदपत्रं मी बघतो."

जंगलात कागद नव्हता, मुलांनो. पळसाची पानं होती. केरोबानं ढीगभर पानं आणली आणि जांभळीखाली फतकल मारली.

पहिले काही दिवस मोठ्या मजेत गेले. मग खोकल्यानं बेजार झालेला एक ससा आला.

"वहिनी, बोटभर मध द्या हो."

तानूबाईनं हात पुढे केला, तोच केरोबा ओरडला, "थांब! आधी नोंद. नाव? बिळाचा पत्ता? बिळाला दारं किती?"

ससा खोकत खोकत घरी गेला. दुसऱ्या दिवशी तो आलाच नाही. इतर गिऱ्हाइकंही कमी झाली. केरोबाला ते बरंच वाटलं, कारण नोंदी कमी झाल्या.

एकदा वारा आला आणि आषाढ श्रावणात मिसळला. एकदा शेळी आली आणि भाद्रपद खाऊन गेली. केरोबा शेळीवर इतका खेकसला, की ती बिचारी रडायलाच लागली. तानूबाईनं तिची समजूत काढली.

तिकडे कड्यावर राखण करायला कोणीच नव्हतं. माकडांनी दोन पोळी लुटली. माश्यांची राणी घोंघावत खाली आली.

"केरोबा, तुम्ही राखण करता की नाही?"

"करतो ना. वर्षअखेर झाली की."

आता केरोबा होता प्रामाणिक. बेरीज करता करता तो सवयीनं भोपळ्यात पंजा घालायचा आणि चाटायचा. पण प्रत्येक वेळी पानावर इमानदारीनं लिहायचा, 'उधार. गिऱ्हाईक केरोबा.'

वर्ष संपलं. राजाचे तपासनीस लांडगेसाहेब आले. त्यांनी पानं चाळली.

"उधारी फार दिसते. हा केरोबा कोण?"

"मीच, साहेब."

"मग वसुली का नाही केली?"

"मागितली, साहेब. देत नाही म्हणतो."

"आणि भाद्रपद कुठाय?"

"शेळीनं खाल्ला."

लांडगेसाहेब लालबुंद झाले. "पुढच्या अमावास्येला पुन्हा येतो. तोवर जुळलं नाही, तर कडा माकडांना!"

ते गेले. केरोबाला एकदम थकल्यासारखं झालं. हा कडा त्याच्या बापानं दाखवला होता. पहिला डंखही तिथलाच, थेट नाकावर. तो पानांत डोकं खुपसून बसला.

"माझं चुकलं गं," तो पुटपुटला.

तानूबाई म्हणाली, "रडू नका, पानं भिजतील. उठा. पंतांकडे जाऊ."

बगाजीपंतांनी एका पायावर उभं राहून सगळी पानं पाहिली. फार वेळ लागला. एकदा पायही बदलला.

"बेरीज बरोबर आहे," ते म्हणाले.

"मग?"

"तीच तर पंचाईत आहे."

पंतांना महिन्याला दोन भोपळे मध द्यायचा, असं ठरलं. केरोबा 'एक' म्हणणार होता, पण तानूबाईनं त्याच्याकडे नुसतं पाहिलं.

पंत कामाला लागले. केरोबानं चाटलेल्या मधाचं नाव झालं 'गोडवा-परीक्षण'. शेळीनं खाल्लेला भाद्रपद 'हंगामी झीज' झाला. माकडांनी लुटलेली पोळी 'मर्कटजन्य घट' या सदरात जाऊन बसली. तानूबाई पदर तोंडाला लावून हसत राहिली.

आणि केरोबा? त्याला आता काहीच काम नव्हतं. म्हणून तो कड्यावर गेला. माकडं पळाली. माश्यांनी त्याला जुन्या ओळखीचे दोन डंख दिले. केरोबाला इतकं छान कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं. संध्याकाळी खाली येताना तो गुणगुणत होता. ससाही परत आला. त्याला कोणी बिळाची दारं विचारली नाहीत.

अमावास्येला लांडगेसाहेब आले. पंतांनी नवी पानं पुढे ठेवली. साहेबांनी ती पाहिली. मग उलटी करून पाहिली.

"हं. हे 'आगामी मागील शिल्लक' म्हणजे काय?"

पंतांनी शांतपणे डोळे मिटले.

"साहेब, ते आपल्यासारख्या जाणकाराला मी काय सांगावं?"

लांडगेसाहेबांनी आजूबाजूला पाहिलं. माश्या बघत होत्या. ससा बघत होता.

"अर्थात, अर्थात," साहेब म्हणाले, "मला माहीत आहे. तुम्हाला माहीत आहे का, ते बघत होतो."

त्यांनी पानावर पंजा उठवला. कडा केरोबाकडेच राहिला. माश्यांनी आनंदानं असा गोंगाट केला, की साहेब दोन पावलं मागे सरकले. मग त्यांनी पंतांना हळूच बाजूला घेतलं.

"पंत, आमच्या गुहेचंही थोडं बघाल का?"

सगळे पांगल्यावर केरोबानं पंतांचे पाय धरले. म्हणजे जो एक खाली होता, तो धरला.

"पंत, कडा वाचवलात. पण एक सांगा. ते आगामी मागील शिल्लक म्हणजे नक्की काय हो?"

"सांगतो की," पंत म्हणाले. "पण त्याचा वेगळा भोपळा पडेल."

तात्पर्य : मुलांनो, हिशेब नेहमी खरा, सोपा आणि स्वतः लिहावा, म्हणजे आपण कुठे सापडलो ते सर्वांना पटकन कळतं. सुखानं धंदा करायचा असेल, तर मात्र जाणकाराला चार कवड्या देऊन तो असा लिहून घ्यावा, की आपल्यालाही कळू नये. (हे तुमच्या बाबांना जरूर विचारून पाहा. फक्त मार्च महिन्यात विचारू नका.)