मामाजींच्या फोटोला हार

“लिहून घे! या लग्नात लोक तुझा शालू विसरतीन, जिलेबी विसरतीन, पण माझा फोटो-बूथ नाही विसरणार!” भूपेशनं आठवडाभर आधी आपल्या बहिणीला, पायलला, छातीठोकपणे सांगितलं होतं.

हे भविष्य इतकं खरं ठरलं की भूपेश आजही त्या विषयावर बोलत नाही.

भूपेश मिहानमधल्या एका कंपनीत कॉम्प्युटरसमोर बसतो. त्यामुळे घरात वायर असलेली कोणतीही वस्तू बिघडली की ती त्याच्याच गळ्यात पडते, मिक्सरसुद्धा. बूथ मात्र त्यानं आपणहून गळ्यात घेतला होता. कोराडी रोडवरच्या लॉनच्या कोपऱ्यात लाल पडदा, समोर टॅब, गोल दिवा, टेबलावर नकली मिशा, रंगीत गॉगल आणि पुठ्ठ्याचे मुकुट. मधोमध एक मोठी, रिकामी, सोनेरी चौकट. पाहुण्यानं चौकटीतून तोंड काढायचं की टॅबनं फोटो काढलाच, आणि पुढच्या क्षणी तो ‘अंकुर-पायल शुभविवाह’ या दोन्हीकडच्या सोयऱ्या-स्नेह्यांच्या ग्रुपवर पडलाच!

जुन्या काळाचा थाट यावा म्हणून फोटो काळा-पांढरा. चौकट ओकीबोकी दिसते म्हणून तिला झेंडूचा भरगच्च हार. आणि फोटोखाली एक ओळ, जी सुचली तेव्हा भूपेशचेच डोळे भरून आले होते: ‘सदैव आमच्या आठवणीत. १८ नोव्हेंबर.’

मित्रांवर चाचणी घेतली तेव्हा सगळं झकास दिसलं होतं. मित्रांनी मुकुट घातले होते आणि जिभा बाहेर काढल्या होत्या. माणूस गंभीर उभा राहिला तर काय दिसेल, हा प्रश्न भूपेशला पडला नाही. लग्नाच्या दिवशी अकरा वाजेपर्यंत तो पडायचं कारणही नव्हतं, कारण बूथकडे कोणी फिरकतच नव्हतं.

“विम्यावाले असतीन,” एक काका लांबूनच म्हणाले.

“नाही जी, अंगठा घ्यायले बसले वाट्टे. तिकडून फिरून चला.”

आणि मग आले बाबूलाल हेडाऊ. नवरदेव अंकुरचे एकुलते एक मामा. वीज केंद्रातून रिटायर झालेले. दुसऱ्यांना जशी ॲसिडिटी असते, तसा मामाजींना संशय होता. कोणी पाणी दिलं की आधी देणाऱ्याला एक घोट प्यायला लावत. सकाळी तर्रीपोहे आले, तेव्हा आपल्या प्लेटमधले शेंगदाणे मोजून ते मुलीकडच्यांच्या प्लेटांत डोकावून आले होते. वरपक्षाला सात, वधूपक्षाला नऊ! तेव्हापासून त्यांचं डोकं गरमच होतं.

पण त्यांना दुखवून चालणार नव्हतं. अंकुरच्या घरची रीतच तशी. मामानं हात धरून नवरदेवाला मांडवात आणायचं आणि अंतरपाट धरला की पाठीशी उभं राहायचं. मामा नाही तर नवरदेव खोलीतून हलणार नाही. मुहूर्त बारा चौदाचा. त्याच्यानंतरचा थेट संध्याकाळी, आणि तोवर त्याच लॉनवर दुसरं कोणी तरी बोहल्यावर चढलेलं असणार होतं.

“हे काहून लावलं?” मामाजींनी विचारलं.

“गंमत आहे जी, मामाजी. पाहुण्यांचे फोटो काढून राहिलो.”

“कोनाकोनाचे काढले?”

“अजून कोणाचेच नाही.”

“म्हणजे पहिला मलेच पकडलं!”

“तसं नाही जी! मिशी लावता का?”

मामाजींनी आपल्या अस्सल मिशीवरून बोट फिरवलं. “हे तुले कमी पडून राहिली का?”

गॉगल नको, मुकुट नको. मामाजी चौकटीमागे उभे राहिले ते पासपोर्ट ऑफिसात उभे राहावेत तसे.

“थोडं हसा ना.”

“काहून?”

खटाक! फोटो ग्रुपवर गेला.

पहिला मेसेज उमरेडहून, तब्येतीमुळे घरीच राहिलेल्या अश्विनरावांचा आला. ‘भावपूर्ण श्रद्धांजली.’ दुसरा: ‘लग्नाच्या दिवशीच! कसं सहन करावं?’ तिसरा: ‘माणूस संशयी होता, पण मनाचा चांगला होता.’ चौथ्यानं थेट विचारलं, ‘अंत्ययात्रा जेवणाच्या आधी की नंतर?’

भूपेशनं फोटो पाहिला. काळा-पांढरा, हार, तारीख, आठवण. चेहरा तर असा, की जणू जातानाही शेंगदाण्यांचा विषय मिटला नव्हता! तो जेवणाच्या मांडवाकडे धावला. मामाजी एका खुर्चीत बसून जिलेबी खात होते आणि दुसऱ्या हातानं मोबाइल वाचत होते.

“माफ करा, मामाजी! आत्ता डिलीट करतो!”

“खबरदार! हात नको लावू.” मामाजींनी चष्मा सावरला. “सतरा श्रद्धांजल्या आल्या. सगळ्या बाहेरगावच्या. इथं लॉनवर माझे अकरा जवळचे लोक बसून आहेत. एकानं तरी दोन शब्द लिहिले का?”

“तुम्ही त्यांच्यासमोर जिलेबी खाऊन राहिले ना, मामाजी!”

“मंग? जित्यापणी ज्याले वेळ नाही, तो मेल्यावर काय लिहीन? आज सगळ्यांची परीक्षा आहे. अकराही जण लिहीत नाही तोवर मी या खुर्चीतून उठत नाही. जाय, सांग त्याहिले!”

अकरा सेहेचाळीस झाले होते. भूपेश मांडवभर पळत सुटला. “काका, तेवढी श्रद्धांजली टाका ना!” “काकू, फक्त दोन ओळी!” लोक त्याच्याकडे असे बघू लागले, जसे रस्त्यावर सिमकार्ड विकणाऱ्याकडे बघतात. एकानं मसालेभात खातखात लिहिलं, ‘जेवणाची वासनाच राहिली नाही.’ मुंडावळ्या बांधून बसलेल्या अंकुरनं लिहिलं, ‘मामा, तुमची उणीव भासेल,’ आणि लगेच विचारलं, “दहा मिनिटांत येतीन ना पण?”

अंकुरच्या आई सिंधूताई म्हणजे मामाजींची मोठी बहीण. त्या कडाडल्या, “माझ्या लग्नातबी हा असाच रुसला होता! तवा पापडावरून!” पण लिहिलं. ‘भाऊ गेला. सुटला.’

बारा वाजून दोन मिनिटं. दहा झाल्या. उरल्या एकट्या मामीजी, कुसुमावतीबाई.

“मामीजी, हात जोडतो. लिहा ना.”

“लिहितो ना. आधी हे सांग, ‘तुमच्यासारखा माणूस पुन्हा होणे नाही’ असं लिहिणारी हे शामला कोन आहे?”

“मले काय माहीत जी! ऑफिसातल्या असतीन.”

“पस्तीस वर्षांत मले हे नाव नाही सांगितलं यायनं.” मामीजींनी खुर्चीतल्या नवऱ्याकडे एकदा रोखून पाहिलं आणि सावकाश टाइप केलं, ‘चौकशी सुरू आहे. बाकी श्रद्धांजली.’

अठ्ठावीस! मामाजींचा चेहरा उजळला. ते उठले, रुमालानं हात पुसले आणि नवरदेवाच्या खोलीकडे निघाले. तेवढ्यात गुरुजी आडवे आले. त्यांच्याही हातात मोबाइल होता.

“नवरदेवाचे मामा गेले म्हणतात. म्हणजे सुतक. सुतकात मी लग्न लावत नाही.”

“गुरुजी, मी तुमच्यासमोर उभा आहे ना!”

“ते मला दिसून राहिलं. पण ग्रुपवर काय दिसून राहिलं? उद्या माझ्या नावानं बोभाटा होईल. आधी तिथं लिहा की तुम्ही जिवंत आहात.”

मामाजींनी लिहिलं, ‘मी जिवंत आहे. बाबूलाल हेडाऊ.’ आणि उत्तरांची वाट पाहत उभे राहिले. भूपेश घड्याळ पाहत उभा राहिला. एक मिनिट गेलं. अश्विनरावांचा मेसेज आला. ‘बरं.’ कोणीतरी अंगठा दाखवला. कोणीतरी विचारलं, ‘मंग आम्ही रजा टाकू नये का?’

बस्स! मग काहीच आलं नाही.

मामाजींची मिशी थरथरली. ते वळले, परत येऊन त्याच खुर्चीत बसले. बारा नऊ! मांडवात अक्षता वाटून झाल्या होत्या. तिकडे पायल डोक्यावरचा पदर सावरून पाटावर उभी होती आणि भावाकडे अशा नजरेनं पाहत होती की भूपेशला वाटलं, पुढचा हार आपल्याच फोटोला.

“मामाजी, पाया पडतो. उठा जी!”

मामाजींनी आपला मोबाइल त्याच्या हातात दिला. “डिलीट कर.”

“श्रद्धांजल्या?”

“नाही गा. शेवटचा. तो जिवंतवाला.”

भूपेशनं गुरुजींकडे पाहिलं. गुरुजींनी घड्याळाकडे पाहिलं, मग पंचांग काखेत मारलं आणि मांडवाच्या झालरीकडे बघत म्हणाले, “माझा तो मेसेज वाचून झाला आहे.”

भूपेशनं मेसेज उडवला. मामाजी ताडकन उठले.

लग्न बरोबर बारा चौदाला लागलं. अंकुरच्या पाठीशी कै. बाबूलाल हेडाऊ ताठ मानेनं उभे होते.