चार जादा पाटे

महिपतरावांची पिकअप आदिलाबादहून खताची पोती घेऊन गावात शिरली, ती मागून बसलेली आणि पुढून उठलेली. बसथांब्यावर चुलतभाऊ चंपतराव उभे होते. त्यांनी सगळ्यांदेखत विचारलं, "महिपत, गाडी रस्त्यानं आणून राह्यला का आभाळातून?" माणसं हसली आणि महिपतरावांच्या नाकावरच्या रागाला निमित्त मिळालं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी गाडी थेट मिस्त्रीकडे घातली. मागच्या चाकांवरच्या स्प्रिंगच्या कमानींना दोन्हीकडे एकेक जादा पोलादी पाटा टाकला तर भागेल, असं मिस्त्री सांगत होता. तो आणखीही काही सांगणार होता, पण ऐकून घेणं महिपतरावांना कमीपणाचं वाटे. "चार टाक," ते म्हणाले. "हत्ती चढला तरी गाडी बसली नाई पायजे."

कारणही तसंच होतं. जिल्ह्याचे तुकडे पडणार होते, तालुक्यांसारखी नवी मंडलं निघणार होती. तामसीच्या कचेरीतलं सामान दसऱ्याआधी नव्या मंडलात पोचवायचं काम तिथले महसुलाचे गिर्दावर सुधाकररावांनी महिपतरावांना कबूल केलं होतं. कचेरीचं सामान म्हणजे लोखंडी कपाटं, हे महिपतरावांनी आपलं आपणच ठरवून टाकलं.

घरी प्रयागबाई वेगळ्याच कारणानं पेटल्या होत्या. श्रावणात गोठ्याची भिंत पडली होती, दगड अंगणात लोळत होते आणि गाय पावसात भिजत होती.

"गाडीच्या पाट्याले टाइम हाय, भिंतीले काऊन नाई?"

"भिंत कुटं पळून राह्यली का?" महिपतराव ओरडले. बायकोचा राग शांत व्हावा म्हणून मग त्यांनीच तिला जैनथला, माहेरी सोडायला गाडी काढली.

जादा पाट्यांनी ताठ झालेल्या रिकाम्या गाडीनं जैनथच्या रस्त्यावर आपलं खरं रूप दाखवलं. पहिल्याच गतिरोधकावर मागची चाकं उडाली, प्रयागबाईंचं डोकं टपाला लागलं आणि आईसाठी घेतलेलं भांडंभर दही महिपतरावांच्या डोक्यावर आलं. प्रयागबाई तिथंच उतरल्या. "मी ऑटोनं जातो. तुमी बसा हत्तीची वाट पाहत," एवढंच बोलून त्या निघून गेल्या. महिपतराव दही पुसत कितीतरी वेळ गाडीला शिव्या देत होते.

सामान न्यायचा दिवस उजाडला. महिपतराव उड्या मारतच कचेरीत पोचले. सुधाकररावांनी बाहेर काढून ठेवले होते फक्त दोन कॉम्प्युटर, काचेचं टेबल आणि पाण्याचा फिल्टर. कपाटं कुठं आहेत, असं महिपतरावांनी दरडावून विचारलं.

"दफ्तराची वाटणी अजून झाली नाई. कपाटं इथंच राह्यतील," सुधाकरराव शांतपणे म्हणाले. "पण यातलं काई फुटलं, तर पुन्हा तुमच्या गाडीचं नाव काढणार नाई."

महिपतरावांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. गाडी दबायला वजन हवं होतं, आणि वजन म्हटल्यावर त्यांना एकच जागा आठवली. ते तसेच घरी आले आणि अंगणातले दगड गाडीत भरू लागले.

माहेराहून परतलेल्या प्रयागबाई कमरेवर हात ठेवून आडव्या आल्या. "दगड माह्या भिंतीचे हायेत. आज वापस आणा, अन् आणल्यावर रचूनच जेवा."

दात-ओठ खात महिपतरावांनी कबूल केलं. दगडांवर गाद्या आणि गाद्यांवर कॉम्प्युटर ठेवून गाडी नव्या मंडलाकडे निघाली, तेव्हा ती गाभण म्हशीसारखी संथ चालली. काचेला ओरखडाही आला नाही. सुधाकररावांनी गाडीची तारीफ केली, तर महिपतराव त्यांच्यावरही खेकसले. संध्याकाळी त्यांनी शब्द दिल्याप्रमाणे दगड रचले आणि मगच जेवले.

सकाळी पाहतात तर प्रयागबाईंनी दगड मातीत पक्के बसवून टाकले होते. आता गाडीला दगड उरले नाहीत. माल उतरवून रिकामं परतायचं म्हणजे कंबर मोडून घ्यायची. म्हणून महिपतराव दर खेपेला वाटेतल्या नाल्यावर थांबत, चरफडत दगड भरत आणि घरी आणत. प्रयागबाई ते लगेच भिंतीला लावत. दिवाळीपर्यंत गाय कोरड्यात आली.

त्या दिवशी महिपतरावांनी जाहीर केलं, "बस झालं. आज मिस्त्रीकडून पाटे काढूनच आणतो."

कितीतरी दिवसांनी प्रयागबाईंनी स्वतःहून चहाचा कप त्यांच्या हातात दिला.

"राहू द्या ना," त्या गोड आवाजात म्हणाल्या. "आंगनाचं कंपाउंड बाकी हाय."

महिपतरावांनी रागानं चहा एका घोटात संपवला आणि गाडी नाल्याकडे वळवली.