दाराला आतून हात लावायचा नाही

"फाटक आहे का हे? फाटक?" ती ओरडली, पण कुजबुजत. गॅरेजच्या काचेच्या केबिनमध्ये बाबागाडीत तिची लेक आत्ता कुठे झोपली होती. केबिनचं दार हवेसाठी उघडं. तेव्हा भांडायचं ते दबक्या आवाजातच.

तिचा नवरा डेंटर, गाड्यांचे पोचे काढणारा. समोर उभी होती तिच्या बाबांची जुनी, जिवापाड जपलेली गाडी. ड्रायव्हरच्या दाराच्या खालच्या कडेला गंजून बोटभर भोक पडलेलं. बाबा भलतेच शिस्तीचे. स्वतः सिगारेट एका झटक्यात सोडली होती, हे ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत, आणि जावयाचं नवं गॅरेज म्हणजे पोरखेळ, हेही. हे दार नीट झालं तर निदान दुसरं वाक्य बंद झालं असतं.

वेल्डिंगचं मशीन घ्यायला दोघं गेले तेव्हा दुकानदारानं स्पष्ट सांगितलं होतं, गाडीचा पत्रा पातळ, बारीक तारेचं गॅसवालं मशीन घ्या. तिला पटलं होतं. पण नवऱ्यानं सल्ला विचारला धाकट्या भावाला, आणि भाऊ लोखंडी फाटकं बनवणारा. "दादा, रॉडचं मोठं घे. मशीन घेतल्यासारखं तरी वाटेल!"

त्या मशीननं आता बोटभर भोकाची बशी केली होती.

"करंट जरा जास्त झाला, वहिनी," दीर म्हणाला.

"भाऊजी, मघाशी कमी केलात तेव्हा रॉड दाराला चिकटला. दोघं मिळून उपटत होतात."

"उपटला ना पण?"

"पत्र्यासकट!"

नवऱ्यानं तोंडावरचा मुखवटा वर केला. "अगं, आतलं कव्हर काढलं असतं तर मागून पट्टी देता आली असती. पण बाबांनीच बजावलंय, दाराला आतून हात लावायचा नाही. कंपनीचं फिटिंग आहे म्हणे."

"माझ्या बाबांचं ऐकता, भावाचं ऐकता. माझं तेवढं ऐकू येत नाही तुम्हाला. हे मशीन आत्ताच्या आत्ता बदलून आणा!"

"शेवटचा एक टाका," दीर म्हणाला आणि कोणी अडवायच्या आत त्यानं तो मारलाही. ठिणग्या उडाल्या. बशीचं ताट झालं. आणि नेमके त्याच वेळी आईबाबा शटरखालून आत आले.

"जावईबापू! गंज काढायला दिली होती की दार?"

"बाबा, हळू! बाळ झोपलंय."

बाबांनी आवाज गिळला, त्यामुळे सगळा राग डोळ्यांत आला. "साधं मशीन निवडता येत नाही," ते घशातल्या घशात गरजले, "आणि निघालेत गॅरेज चालवायला! माणसाला मनावर ताबा लागतो, शिस्त लागते..."

तेवढ्यात गाडीच्या त्याच दाराच्या खिडकीच्या फटीतून निळसर धूर वर आला. नवऱ्यानं झेप घेतली आणि बादलीतलं पाणी फटीत ओतलं. ताटाएवढ्या भोकातून ते भदाभदा बाहेर आलं आणि त्यासोबत आली सिगारेटची पाकिटं. काही चेपलेली, काही कुजून लगदा झालेली, एक अजून धुमसत होतं. कोणाची चाहूल लागली की फटीतून आत सोडलेली. दारात शिरलेलं पाणी निघून जायला खाली जी भोकं असतात, ती याच लगद्यानं बुजली होती. गंज कुठून आला ते कोणी विचारलं नाही.

गॅरेजभर तंबाखूचा वास पसरला. आईनं एकदाच खोल श्वास घेतला.

बाबा जावयाच्या अगदी कानाशी आले. "मशीन चांगलंय हं तुमचं," ते म्हणाले. "एवढं बुजवून टाका. लगेच."

त्यांच्या लेकीनं तोंड उघडलं, पण आईनं हातानंच तिला थांबवलं. आई केबिनपाशी गेली, नातीच्या अंगावरचं पांघरूण सारखं केलं, बाहेर आली आणि काचेचं दार आवाज न करता घट्ट लावून घेतलं. मग पदर खोचला.

"जावईबापू," ती म्हणाली, आणि बाबांच्या त्या एका हाकेनंतर पहिल्यांदाच गॅरेजमध्ये कोणी पूर्ण आवाजात बोललं, "उरलेली तीन दारं उघडा!"