मुद्द्याचं बोला, सेल जळायलाय!

मुंजाजीमामांना काही सांगायचं, तर ते सेल जाळण्याच्या लायकीचं आहे हे त्यांना आधी पटवून द्यावं लागे. बहिऱ्या माणसाला हे पटवायचं कसं, ते मानवतमध्ये इतकी वर्षं मास्तरकी करूनही मला उमगलं नाही.

मामा आमचे शेजारी, भिंतीला भिंत लागून. सारा जन्म कापसाच्या जिनिंगमध्ये गेला आणि तिथल्या खडखडाटात दोन्ही कान गेले. जावयानं हौसेनं कानाचं मशीन आणून दिलं. काडेपेटीएवढी डबी बंडीच्या खिशात, तिची वायर कानात आणि डबीच्या पोटात एक पेन्सिल सेल. माणसं जीव वाचवतात, मामा सेल वाचवू लागले.

समोरच्यानं तोंड उघडलं की मामा आधी त्याचा चेहरा न्याहाळत. काम महत्त्वाचं दिसलं तरच हात खिशात जाई आणि बटण दाबता दाबता तंबी मिळे, "मुद्द्याचं बोला, सेल जळायलाय!" कापसाचा भाव, नामांतराची बातमी, कुणाची मयत, एवढ्यासाठी मशीन चालू होई. एकदा मी नुसतं "मामा, बरे आहात ना?" एवढंच विचारलं. मामांनी खाडकन बटण बंद केलं. "गुरुजी, डोळ्यानं दिसायलंय की! त्याच्यासाठी सेल कशाला जाया करता?"

पुढाऱ्याच्या सभेला ते पहिल्या रांगेत बसत, मशीन बंद ठेवून. "भाषण लय झकास झालं," असं वर आम्हालाच सांगत.

"तुम्हाला काय कळलं?" मी खुणेनं विचारलं.

"हात केवढा हालवायलता, बगितलं न्हाई का?"

थकलेला सेलही ते टाकत नसत. उन्हात तापवला की त्याच्यात पुन्हा जीव येतो, अशी त्यांची श्रद्धा. हे काम गयामामींकडे, म्हणजे त्यांच्या बायकोकडे होतं. त्या सकाळी सुपात सेल मांडून अंगणात ठेवायच्या, कुरडयांसारखी त्यांची राखण करायच्या आणि ऊन उतरलं की जुन्या लुगड्याच्या चिंधीत गुंडाळून आत न्यायच्या.

पण मामींचं ऐकायला मामांनी मशीन कधीच लावलं नाही. "घरच्या माणसाला सेल कशाला? हातवाऱ्यावर भागतंय," म्हणायचे. अंगठा तोंडाकडे नेला की चहा, पोटावर हात ठेवला की भाकरी. मामी तरी बोलतच असत, भाकरी थापताना, झाडताना, मामांच्या पाठीकडे बघत. आम्हाला भिंतीपलीकडे सगळं ऐकू यायचं.

मागच्या उन्हाळ्यात मामींना लकवा झाला. उजवं अंग गेलं, वाचाही गेली. परभणीच्या डॉक्टरांनी सांगून टाकलं, आता बोलणं परत यायची आशा धरू नका. मला फार वाईट वाटलं. जन्मभर बोललेली ती बाई भिंतीपलीकडे अशी गप्प झाली की आमच्या घरालाही करमेना.

भेटायला गेलो, तर मामा खाटेशी बसले होते. वायर कानात होती, मशीन चालू होतं. खोलीत कुणीच बोलत नव्हतं. वातावरण हलकं करावं म्हणून मीच म्हणालो, "मामा, सेल जळायलाय."

"जळू द्या," मामा म्हणाले. "एखादा शबूद निघाला आन् नेमकं माझं मशीन बंद असलं म्हंजी?"

मामी छताकडे बघत होत्या. मामांनी त्यांच्या अंगावरचं पांघरूण नीट केलं आणि खाली मान घालून मला विचारलं, "गुरुजी, तुमाला पलीकडं समदं ऐकू यायचं. काय बोलायची हो ही?"

"काय सांगू मामा? रोजचंच. मुद्द्याचं काही नाही."

"तेच सांगा." त्यांनी खिशातून डबी काढून माझ्या तोंडापुढे धरली.

मी डबीजवळ वाकून म्हणालो, "म्हणायच्या, अवं ऐकता का, ऊन उतरलं. तुमचे सेल आत आणते."

डबी तिथंच धरून मामा म्हणाले, "आनखी?"