कमलाक्षीचं ताट

"त्यात काय मोठंसं? डाळ शिजते, भात शिजतो, आपण फक्त बाजूला उभं राहायचं!" भुजंगराव मास्तरांनी चौदा फेब्रुवारीच्या सकाळी सूनबाईंना ठणकावून सांगितलं. ज्या माणसाने छत्तीस वर्षं सरकारी हायस्कुलात गणित शिकवलं, त्याला आमटीवजा सारू आणि भात म्हणजे डाव्या हातचा मळ!

आभा मूळची नाशिकची. लग्न होऊन म्हैसूरच्या विजयनगरातल्या या घरात येऊन तिला तीन वर्षं झाली होती. सासरे स्वयंपाकघरात पाणी प्यायलासुद्धा जात नाहीत, हे तिने डोळ्यांनी पाहिलेलं होतं.

"बाबा, मी थांबते ना मदतीला."

"मुळीच नाही! तू आणि श्रीहर्ष कुठे जेवायला जाणार आहात तिथे जा. साडेनऊच्या आत तोंड दाखवायचं नाही!"

मास्तरांच्या डोक्यात हे खूळ गेल्या वर्षीपासून होतं. याच दिवशी मुलगा-सून घरी एका ताटलीत केक खात बसलेले त्यांनी पाहिले, आणि त्यांना एक जुनी इडली आठवली. लग्नाच्या पहिल्या वर्षी हुणसूरच्या स्टँडवर म्हैसूरची बस बंद पडली होती. हॉटेलात एकच प्लेट इडली उरली होती. ती त्यांनी आणि कमलाक्षीने मिळून खाल्ली. तिचा हात त्यांच्या हाताला लागला आणि ती तोंडाला पदर लावून हसली. बस्स, तेवढंच! नंतर घरात सासू-सासरे, दीर, मग मुलगा, मग मुलाची शाळा. कमलाक्षी वाढत राहिली आणि मास्तर जेवत राहिले. आता घरात कुणाची म्हणून आडकाठी नव्हती. पण "बस गे तूसुद्धा" म्हटलं की ती म्हणायची, "तुम्ही व्हा पुढे, मी येतेच." ते 'येतेच' एकेचाळीस वर्षं चाललं होतं. वाढणाऱ्या हातातल्या बांगड्यांचा आवाज मास्तरांनी झोपेतही ओळखला असता, पण बायको जेवताना कशी दिसते हे ते विसरून गेले होते. ती चोवीस तास घरात असायची आणि तरी त्यांना तिची आठवण यायची. हे सांगायचं कुणाला?

म्हणून आज बेत पक्का होता. शनिवार असल्यामुळे कमलाक्षी शेजारच्या अंबुबाईंबरोबर मारुतीला जाणार. साडेचारला निघून सातला परत. तेवढ्यात स्वयंपाक उरकायचा, सगळी भांडी टेबलावर मांडायची आणि दोन ताटं शेजारी शेजारी ठेवायची. वाढायला काही उरलंच नाही तर बसेल नाहीतर जाईल कुठे?

मास्तरांनी वहीच्या पानावर वेळापत्रक आखलं. पाच दहा, कुकर. पाच तीस, फोडणी. सहा पाच, बीन्सची भाजी. शेवटी लिहिलं, 'कमलाच्या आवडीचा पदार्थ', आणि पेन थांबलं.

"आभा, तुझ्या सासूला काय आवडतं गं खायला?"

"तुम्हाला माहीत नाही?"

"मला माहीत आहे! तुला माहीत आहे का, ते बघतोय!"

आभालाही सांगता येईना. "आई सगळंच खातात की," एवढं म्हणून ती तयारीला निघून गेली. श्रीहर्षाला विचारावं तर तो घरभर सांगणार. मग दुपारी मास्तरांनी सरगूरला मेहुणीला, जयवंतीला, फोन लावला. सख्ख्या बहिणीला माहीत नसेल तर कुणाला?

"जयवंती, तुझ्या अक्काला काय खायला आवडतं?"

"भावजी... तुम्ही असं का विचारता?"

"ते आत्ता सांगता येणार नाही. आणि हे बघ, कमलाला यातलं काही कळता कामा नये."

"अय्यो देवा! यावाग? कधी कळलं तुम्हाला?"

"ठेवतो, मला फार कामं आहेत," म्हणून मास्तरांनी फोन ठेवला, वर तो बंदही करून टाकला. सारू करताना व्यत्यय नको!

पाच दहाला कुकर चढला. दोन माणसांना तांदूळ किती, हे त्यांनी त्रैराशिकाने काढलं होतं. श्रीहर्षाच्या मुंजीत शंभर पानांना किती तांदूळ लागले ते आठवून त्याला पन्नासाने भागलं. आकडा बरोबर असेलही, पण आठवण चुकीची होती. झाकण उघडलं तर भात सुटकेची वाट पाहत असल्यासारखा वर आला! फोडणीच्या वेळी तेल इतकं तापलं की मोहरी छतापर्यंत उडाली, मिरचीचा खकाणा झाला आणि मास्तरांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. पण सारूला सारूचा वास येत होता! त्यांनी दोन ताटं मांडली आणि कमलाक्षीच्या ताटाशी मल्लिगेचा, म्हणजे मोगऱ्याचा, हातभर गजरा ठेवला. तो त्यांनी दुपारीच आणून शर्टांच्या कपाटात लपवला होता.

इकडे देवळात निराळंच रामायण सुरू झालं होतं. भावजींचा फोन लागेना म्हणून जयवंतीने सरगूरहून निघालेल्या बसमधूनच अंबुबाईंना फोनवर गाठलं. रडत रडत म्हणाली, "डॉक्टरांनी आशा सोडलीय वाटतं. भावजी आवडीचं विचारतायत. अक्काला सांगू नका हं!" अंबुबाईंच्या हातातला नारळच निसटला! त्यांनी तिसऱ्या प्रदक्षिणेला कमलाक्षीचा दंड धरला आणि तिला खाली बसवलं.

"काय झालं हो?" कमलाक्षी गोंधळली.

"काही नाही. स्वल्प बसा. चालू नका. देवाला सगळं कळतं."

असं म्हणून त्यांनी डोळे पुसले. घर पाच मिनिटांवर होतं, तरी रिक्षा बोलावली आणि कमलाक्षीला काचेच्या भांड्यासारखं उचलून आत ठेवलं. ही बाई आपल्याला घाईने घरी नेतेय, बोलत नाही, रडते, म्हणजे घरी 'यांना'च काहीतरी झालं, अशी कमलाक्षीची खात्री झाली. दारात रिक्षा थांबली तेव्हा तीही रडत होती.

धावत आत आली तर मास्तर स्वयंपाकघरात! डोळे लालभडक, गाल ओले, हातात डाव.

"अहो! छातीत दुखतंय काय? तुम्ही इथे का आलात? पाणी हवं होतं तर..."

"मला काय धाड भरलीय?" मास्तर खोकत म्हणाले. "तू का रडतेस?"

एवढ्यात "अक्काऽ!" असा टाहो फोडत जयवंती घरात शिरली आणि बहिणीच्या गळ्यात पडली. बहीण सरगूरहून रडत आली, म्हणजे नक्कीच नवऱ्याचं बरंवाईट, म्हणून कमलाक्षीने आणखी मोठ्याने सूर लावला. अंबुबाई दोघींच्या डोक्यावर तीर्थ शिंपडू लागल्या. मागोमाग हॉटेलात सूप अर्धं टाकून श्रीहर्ष आणि आभा धापा टाकत आले. जयवंतीने त्यांनाही कळवलं होतं!

शेवटी आभाच मध्ये उभी राहिली. "एक मिनिट! बाबा, तुम्ही मावशींना नक्की काय विचारलंत?"

"कमलाला खायला काय आवडतं, एवढंच!"

"एवढंच कसं भावजी?" जयवंती उसळली. "एकेचाळीस वर्षांत कधी विचारलं नाहीत. आज एकदम विचारता, वर तिला कळू देऊ नको म्हणता. मग मी काय समजायचं?"

मास्तरांना वाटलं, जमीन दुभंगावी! आज चौदा फेब्रुवारी आहे हे मेहुणी-शेजारणींसमोर सांगणार तरी कसं?

"सुम्मने विचारलं, उगाच," ते पुटपुटले.

"जाऊ दे हो," कमलाक्षीने डोळे पुसून पदर खोचला. "सगळे उपाशी असतील. बसा, मी वाढते."

झालं! ज्या एका वाक्यासाठी मास्तरांनी दिवसभर जिवाचं रान केलं, त्याच्या बरोबर उलटं वाक्य! पाच ताटं मांडली गेली. मधल्यामध्ये जयवंतीने "कुणाचा हा गजरा?" म्हणून तो आपल्याच केसांत माळला. सारूत पाणी वाढलं. भात मात्र सगळ्यांना पुरून उरला. बांगड्या मास्तरांच्या ताटापाशी वाजायच्या, भात पडायचा, ते मुकाट्याने खायचे. तीन वेळा वाढलं तरी 'नको' म्हणायचा धीर झाला नाही. ती जवळ येत होती ती तेवढ्यापुरतीच.

आभाच्या नजरेतून मात्र मास्तरांचा चेहरा सुटला नाही. तिने नवऱ्याच्या पायावर टेबलाखालून पाय दिला. "चला, सगळ्यांनी आईस्क्रीम खायला! मावशी, अंबुबाई, चला. आईंचं जेवण व्हायचंय, त्या राहू देत. बाबा, तुम्हाला साखर वर्ज्य आहे!"

आठ वाजता घर रिकामं झालं. कमलाक्षी टेबलाशी आली. मास्तरांनी घाईघाईने भाताचं भांडं पुढे सरकवलं. "बस. आता मी वाढतो."

"अय्यो, भात नको. शनिवार ना आज, ओप्पत्तु. दुपारी एकदाच जेवते मी. रात्री दह्यात भिजवलेले पोहे."

"कधीपासून?"

"श्रीहर्षाला टायफॉइड झाला होता, तेव्हा बोलले होते मारुतीला. पंचवीस वर्षं झाली असतील."

पंचवीस वर्षांचे शनिवार! वर्षाचे बावन्न. पुढचा गुणाकार गणिताच्या मास्तरांनी केलाच नाही.

"कमला," ते हळूच म्हणाले, "खरंच सांग. तुला काय आवडतं?"

तिने बराच विचार केला. परीक्षेत न वाचलेला प्रश्न यावा तशी ती गोंधळली होती. मग म्हणाली, "गरम."

"गरम काय?"

"काहीही. गरम असलं की पुरे."

मास्तर उठले. त्यांनी गॅस पेटवला. तिने दोनदा "अहो, राहू दे" म्हटलं, पण त्यांनी तिला खुर्चीवरून हलू दिलं नाही. विचारत विचारत फोडणी केली, पोहे परतले, वाफा येत असलेली कढई तिच्यासमोर आणून ठेवली. "खा! अशीच गरम खा!"

आणि आठवलं, मीठ घातलंच नाही. मीठ आणायला गेले तर बरणी जागेवर नाही! जयवंतीने मघाशी स्वयंपाकघर आवरलं होतं. फळी झाली, कपाट झालं, फ्रीजसुद्धा झाला. बरणी सापडली देव्हाऱ्याशेजारी, उदबत्त्यांच्या मागे! ती विजयाने उंचावून मास्तर धावत टेबलाशी आले.

पोहे गार झाले होते. कमलाक्षी हात मांडीवर ठेवून तशीच बसलेली होती.

"अगं, सुरू का नाही केलंस?"

"तुम्ही बसल्याशिवाय कशी सुरू करू?" ती म्हणाली, आणि पहिला डाव तिने त्यांच्याच ताटात वाढला.